भातसेची घोडी

जागा कुठली ते सुरुवातीलाच सांगून टाकते. आता सांगायला काही हरकत नाही. कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूला निघालं की खडवली नावाचं लहानसं स्टेशन लागतं. तिथे उतरून भातसा नदीवर जायचं आणि काठाकाठाने वरच्या अंगाला, भाताची खाचरं ओलांडत बराच वेळ चालायचं. एका ठिकाणी दोन काळ्या कातळांच्या मध्ये नदी अंग चोरून घेते. तिथे घोडी होती. ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, नदी अजूनही बघण्यासारखी आहे. घोडी मात्र तिथे नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आम्ही डोंबिवलीला पूर्वेला राहत होतो आणि बाजारात जनाबाईकडे भाजी घ्यायचो. जनाबाई खडवलीकडच्या गावातून पाटी घेऊन यायची. पावसाळ्यानंतर तिच्याकडे करांद्याचे कंद असत, आणि डोंबिवलीतल्या बायकांना ते कसे उकडायचे हे ती न कंटाळता समजावून सांगायची. मी मूळची राजापूरकडची, करांदे ओळखणारी, म्हणून तिचा माझ्यावर जरा जास्त लोभ. एकदा तिच्याशी बोलताना मी म्हटलं, की लहानपणी विहिरीत पोहायचे, इथे आल्यापासून पोहणंच सुटलं.

"मंग आमचे गावाला ये ना," ती म्हणाली. "नदी बघशील त घरी जायाचा नाव नाय घेशील."

अशी आमंत्रणं बाजारातच राहतात. पण दिवाळी झाली, शशीच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कारखान्याला सुट्टी होती, आणि त्याचा मित्र हरेश घरी फराळाला आलेला. हरेश ठाण्याच्या कोळीवाड्यातला. वागळे इस्टेटमध्ये दोघं एकाच कारखान्यात कामाला. नदीचं नाव काढल्याबरोबर हरेश म्हणाला, "वहिनी, मी येणार. किती वर्षं झाली पाण्यात उतरून. जाऊया."

शशीला पोहता येत नाही. तो म्हणाला, "मी कपडे सांभाळीन."

शुक्रवार

जनाबाईचं घर कौलारू, पुढे पडवी आणि पडवीपुढे शेणाने सारवलेलं खळं. भाताची कापणी संपत आली होती. खळ्यावर भारे रचलेले, हवेत पेंढ्याचा वास. आम्हाला बघून जनाबाई एवढी खुश झाली, की हातातलं सूप तसंच टाकून बाहेर आली. तिचा मुलगा बाळाराम भारे झोडत होता. पस्तिशीचा असेल, अंगाने सडसडीत. त्याने एकदा आमच्याकडे आणि एकदा आमच्या पिशव्यांकडे पाहिलं, आणि झोडणं चालू ठेवलं.

"बाटल्या हायेत का पिशवीन?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"पाण्याची आहे," शशी म्हणाला.

"ती न्हवं."

जनाबाई त्याच्यावर ओरडली. आम्ही अवघडून बसलो. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. आमच्या राजापूरकडची भाकरी जाड, हाताला खरखरीत. जनाबाईची भाकरी पातळ, रुमालासारखी घडी घालता येईल अशी. ती उकड काढून करते, म्हणून. मी शिकून घेतली, पण घरी तशी एकदाही झाली नाही. हरेशने सुकटीची चटणी खाल्ली आणि एकदम घरच्यासारखा बोलायला लागला. सुकट कुठून आणता, कोणाच्या हातची, वगैरे. बाळाराम ऐकत होता.

भांडी घासताना जनाबाईने मला कारण सांगितलं. गेल्या उन्हाळ्यापासून रविवारी नदीवर माणसं यायला लागली होती. ठाण्याहून, कल्याणहून, आमच्या डोंबिवलीहूनही. वाळूत बाटल्या फोडून जायची. गावच्या बायका कपडे धुवायला बसल्या की समोर बसून बघायची.

"येक पोरगा बुडाला मे महिन्यान," ती म्हणाली. "कल्यानचा व्हता. बालारामानंच बुडी मारून काढला त्याला. जीव गेलेला. पोलिसांनी दिसभर यालाच बसवून ठेवला. मंग त्या पोराची आईस आली. तिनं याचा शर्ट धरला आन् बोल्ली, तुला पवाया येताय त माज्या पोराला का नाय वाचवलास? त्यानं कायपन सांगितला नाय. शर्ट फाटला तरी उबा."

संध्याकाळी आम्ही नुसतं नदी बघून आलो. शशीची एक चप्पल चिखलात रुतली ती निघालीच नाही. परत येताना तो एका पायात चप्पल घालून चालत होता, आणि बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवशी गाव आमच्याकडे बघून मोकळेपणाने हसलं ते तेवढंच.

शनिवार

सकाळी घोडी पाहिली.

नदी वरून पसरट, शांत येते. धरणातून शहरासाठी पाणी सोडलेलं असतं, त्यामुळे पावसाळा संपला तरी ओढ असते. दोन कातळांच्या मध्ये पाणी दाटतं, उतारावरून गुळगुळीत घसरतं आणि खाली आपटून पुन्हा वर उठतं. त्या उठलेल्या पाण्याची एक लाट होते. समुद्राची लाट येते आणि जाते. ही जागच्या जागी उभी राहते, मान हलवत. म्हणून घोडी.

गावातले पुरुष तिच्यावर बसायचे. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, त्याची छातीएवढी रुंद फळी करायची. कडेच्या संथ पाण्यातून फळी पोटाखाली घेऊन लाटेच्या तोंडाशी जायचं आणि योग्य जागा सापडली की सुटायचं. मग पाणी खालून धावत राहतं आणि माणूस तिथल्या तिथे, लाटेच्या पाठीवर. बहुतेक जण पालथे पडून राहायचे. काही गुडघ्यांवर यायचे. बाळाराम उभा राहिला. हात पसरून, गुडघे जरासे वाकवून, पाण्याच्या मधोमध उभा, आणि पाणी त्याच्या पायाखालून सुसाट. पुढे आमच्या घरी केबल आली तेव्हा टीव्हीवर परदेशातली माणसं फळ्या घेऊन समुद्राच्या लाटेवर उभी राहताना दिसली. शशी स्वयंपाकघरात धावत आला, "अगं, लवकर ये, घोडी दाखवतायत!"

आम्ही काठावर बसलो. मला वाटलं होतं हरेश लगेच उडी मारेल. तो बसून राहिला.

"उतर ना," शशी म्हणाला.

"थांब रे. असं नाही उतरायचं."

तो बघत होता. कोण कोणाच्या नंतर जातो, कुठून जातो, घोडीवर माणूस असताना बाकीचे कुठे थांबतात. वरच्या काळ्या दगडावर जो उभा, त्याची पाळी पुढची. घोडीवरचा माणूस स्वतःहून पडेपर्यंत दुसऱ्याने आत यायचं नाही. डावीकडून कोणीच जायचं नाही, कारण तिकडे कातळ खालून पोखरलेला होता आणि पाणी माणसाला आत ओढायचं. हे कोणी कोणाला सांगत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

बऱ्याच वेळाने हरेशने बाळारामला विचारलं, "मी उतरलो तर चालेल का?"

"नदी काय माजी हाय?" बाळाराम म्हणाला आणि निघून गेला.

याचा अर्थ हो असा शशीने लावला. हरेशने लावला नाही. तो आणखी बसला. ऊन चढलं. मी करंज्यांचा डबा उघडला, तो कातळावर बसलेल्या सगळ्यांमध्ये फिरला आणि रिकामा होऊन परत आला. मग कोणाची तरी फळी हातातून सुटली आणि धारेबरोबर खाली निघाली. हरेश तसाच उठला, खालच्या डोहात सूर मारला, फळी पकडली आणि प्रवाहाच्या आडून आडून पोहत, न दमता, वर घेऊन आला. खाडीत वाढलेल्या माणसाचं पोहणं वेगळंच असतं. पाण्याशी झटापट नाही.

त्याने फळी दिली आणि परत जागेवर जाऊन बसला. बाळाराम त्याच्याकडे बघत राहिला. मग स्वतःची फळी त्याच्यापुढे धरून म्हणाला, "डावीकडना जाव नका."

हरेश पहिल्यांदा पडला, दुसऱ्यांदा पडला, आणि नंतर एकदा टिकला. टिकला तेव्हा तो ओरडला. काय ओरडला ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही, पण कातळावरचे सगळे हसले आणि एकाने शिट्टी मारली.

मलाही जायचं होतं. बाळारामने मान हलवली. "बायका नाय जात घोडीवर."

धुण्याची बादली घेऊन आलेली जनाबाई मागून म्हणाली, "कोन बोल्ला? मी नाय गेले? दुध्या भोपल्याच्या तुंब्या बांधून जावाची मी आन् तुजी मावशी. तुजा बापूस बघत बसायचा."

बाळाराम लाजला. कातळावर एकच हशा झाला. मी साडीचा काष्टा घालून पाण्यात उतरले. घोडीवर माझा काही फार निभाव लागला नाही. एक क्षण, फार तर दोन, ती मला पाठीवर घेऊन थांबली आणि मग फेकून दिलं. गुडघा खरचटला. बाहेर आले तेव्हा दात वाजत होते आणि मी हसत होते. राजापूरच्या विहिरीनंतर अंगाला असं पाणी लागलं नव्हतं.

संध्याकाळी पडवीत बाळाराम आमच्याजवळ येऊन बसला. त्याने हरेशला कोळीवाड्याबद्दल विचारलं. हरेश म्हणाला, "आमची पण खाडी होती. आम्ही भरतीला जेट्टीवरून उड्या मारायचो. बाबांची होडी होती. मग वरून कारखान्यांचं पाणी यायला लागलं. आता जाळ्यात येतं ते खाववत नाही. अंगाला लागलं तर खाज सुटते. आमची गेली, म्हणून तुमच्या दारात आलो."

बाळारामने विडी पेटवली. "पानी आमच्याकडना तुमच्या नलाला जाताय," तो म्हणाला. "आता तुमीपन इकडं यायला लागलाव." पण हे म्हणताना तो हसत होता. मग म्हणाला, पुढच्या पावसाळ्याआधी पांगारा तोडणार आहे, त्यातली एक फळी हरेशसाठी करीन. उंचीप्रमाणे लागते. त्याने हरेशला उभं करून सुतळीने मापही घेतलं.

रविवार

सकाळचं पाणी चांगलं होतं. बाळाराम घोडीवर उभा होता, हरेश काळ्या दगडावर पाळीची वाट बघत होता, आणि पलीकडच्या रस्त्यावर टेम्पो थांबला.

ठाण्याचं कुठलं तरी मित्रमंडळ होतं. विशी-बाविशीची मुलं, टेम्पोत स्पीकर लावलेला, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा. वाईट मुलं होती असं मी आजही म्हणणार नाही. आठवडाभर कुठे ना कुठे राबणारी, रविवारी मोकळी सुटलेली. एकाने मला "काकी, फोटो काढता का आमचा?" असं अदबीने विचारलंही. कोणाकडून तरी त्यांनी घोडीबद्दल ऐकलं होतं. ती दिसल्यावर त्यांना धीर धरवला नाही. ट्यूबा घेऊन ती सरळ वरूनच पाण्यात शिरली, चार-पाच जण एकदम.

"थांबा! पाळीनं!" काठावरचा एक गावकरी ओरडला.

"अरे यार, रेशनची लाइन आहे काय?" एक जण म्हणाला.

त्यांच्यातल्या एका लाल टी-शर्टवाल्याची ट्यूब गिरकी खात डावीकडे गेली. हरेशने ते पाहिलं. त्याने दगडावरून उडी मारली, ट्यूबची कड पकडली आणि त्याला पोखरलेल्या कातळापासून बाजूला ढकललं. मुलगा वाचला. पण ढकललेली ट्यूब धारेत आली आणि सरळ घोडीवर उभ्या असलेल्या बाळारामवर जाऊन आदळली. फळीचं टोक त्याच्या भुवईवर लागलं. तो खाली डोहात गेला आणि वर आला तेव्हा अर्धा चेहरा लाल होता.

पुढचं सगळं एकदमच झालं. गावातली माणसं उठली. मुलं पाण्यातून बाहेर येत होती. लाल टी-शर्टवाला घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस जास्त ओरडतो. "तुझ्या बापाची नदी आहे काय? आम्हाला काय अडवतोस?" कोणीतरी त्याला थोबाडीत मारली. दगड उडाले. हरेश दोघांच्या मध्ये घुसला आणि त्या मुलांवर ओरडला, "मी पण ठाण्याचाच आहे! आपल्या गावाची लाज काढू नका! चला, निघा इथून!"

गावकऱ्यांनी एवढंच ऐकलं, की हा पण ठाण्याचाच.

"यांनीच आनला त्यांना!" एक थोराड माणूस मागून म्हणाला. त्याच्या हातात फळी होती. ती हरेशच्या डोक्यावर येत होती. हरेशने हात वर केला आणि मनगटाचा आवाज मला काठावर ऐकू आला.

बाळाराम तिथेच उभा होता, रक्ताने माखलेला. त्याने हरेशला कोसळताना पाहिलं. ट्यूब कोणी ढकलली, का ढकलली, हे सगळ्यांत जवळून त्याने पाहिलं होतं. मी त्याच्याकडे बघत होते. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं.

तो म्हणाला, "तुमी जावा आता."

टेम्पो सुटताना मुलं ओरडून गेली, की पुढच्या रविवारी दोन टेम्पो भरून येतो, मग बघू. जनाबाई धावत नदीवर आली. तिने हरेशच्या हाताला बांबूच्या कांबी लावून फडकं बांधलं, रडत रडत गावाला शिव्या घातल्या, आणि भाकऱ्या बांधून दिल्या. बाळारामने बैलगाडी जुंपून आम्हाला स्टेशनपर्यंत सोडलं. त्याच्या भुवईवर चुना-हळद लावलेली. हरेशचा हात मांडीवर. दोघंही रस्त्याकडे बघत होते.

कल्याणला प्लास्टर घातलं. हरेश म्हणाला, "हात बरा होईल, वहिनी. त्याने तोंड फिरवलं ते लागलं."

त्यानंतर

पुढच्या आठवड्यात जनाबाई बाजारात आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "घोडी मारली त्यांनी."

दोन टेम्पो यायच्या आधीच गावाने ठरवलं होतं. सगळे पुरुष पहारी घेऊन नदीवर गेले. वरचा काळा दगड हलवला आणि धारेत लोटून दिला. त्याच्यामागे आणखी दगड टाकले. सगळ्यांत मोठी पहार बाळारामच्या हातात होती. "रातभर जेवला नाय," जनाबाई म्हणाली. "मी बोल्ले, आरं तुजीच व्हती ना ती? त बोल्ला, म्हनूनच."

रविवारी टेम्पो आले. मुलांनी पाण्यात धिंगाणा केला, कंटाळली आणि दुपारीच निघून गेली.

हरेशचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही तिघं एकदा जाऊन आलो. हरेशचाच हट्ट होता. नदी तिथे आता दगडांवरून फुटून पसरली होती, घोट्याएवढ्या पाण्यात बायका निवांत कपडे धूत होत्या. आवाजही बदलला होता. आधी पाण्याचा एक दबका घोष असायचा, आता नुसती खळखळ.

बाळाराम शेतातून उठून आला. हरेशच्या मनगटाकडे त्याने पाहिलं, पण हात लावला नाही.

"त्या दिसाला मी बोलाया पायजे व्हता," तो म्हणाला. "तुमी त्या पोराला वाचवला, मी बघितला. तोंडातना शबूदच नाय आला. सगला गाव मागं उबा."

हरेश धारेतल्या दगडांकडे वळला. मग म्हणाला, "दगड परत काढता येईल का?"

"येल ना. धा मानसं लागतील. पन मंग तेपन येतील."

आम्ही जनाबाईकडे जेवलो. बाळाराम आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आला आणि फलाटावर एकदम म्हणाला, "ठान्याला तुमची खाडी हाय ती मला दाखवाल?"

"तिथे काय बघणार?" हरेश म्हणाला.

"बघू दे."

तो आला, खरंच आला. थंडी संपत आलेली होती. धुतलेला शर्ट, हातात जनाबाईने दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी. आम्ही ठाण्याला गेलो आणि हरेशने त्याला कोळीवाड्याच्या बोळातून जेट्टीवर नेलं. भरती होती. पाणी काळं, वर तेलाचा तवंग, खारफुटीच्या मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. दोन जुन्या होड्या उपड्या पडलेल्या. शशीने नाकाला रुमाल लावला आणि मग शरमून खिशात ठेवला.

बाळाराम जेट्टीच्या पायऱ्या उतरून अगदी खाली गेला. उकिडवा बसला, पाण्यात हात घातला, ओंजळ वर आणली, तिचा वास घेतला आणि पाणी हळूच परत सोडून दिलं. हात त्याने पुसला नाही. वर बघून विचारलं, "हितं पवायचास तू?"

तोपर्यंत तो हरेशला नेहमी 'तुमी' म्हणत आला होता. हरेश त्याच्या शेजारच्या पायरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "हो."